एव्हिल डेड (२०१३): रक्ताला वजन असलेला रिमेक

अमावास्या

(रहस्यभेद आहे. चित्रपट पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून या.)

रिमेक म्हटलं की भयपटवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि दहातल्या आठ वेळा त्या रास्तच असतात. फेदे आल्वारेझचा २०१३चा 'एव्हिल डेड' मात्र मी उरलेल्या दोनांत ठामपणे घालतो. सॅम रेमीच्या १९८१च्या मूळ चित्रपटावर माझं प्रेम आहे. तरीही हा रिमेक त्याच्या सावलीत उभा नाही.

पहिलं कारण मिया. मूळ कथेत पाच तरुण मजेसाठी जंगलातल्या केबिनमध्ये जातात आणि जुन्या पुस्तकातल्या मंत्रांनी जागी झालेली दुष्ट शक्ती एकेकाच्या अंगात शिरते. इथे मियाचं ड्रग्जचं व्यसन सोडवायला तिला तिथे आणलंय. त्यामुळे ती ओरडते, घाबरते, पळून जायला बघते, तेव्हा बाकीच्यांना ते व्यसन तुटण्याचे हाल वाटतात. "हे लोक निघून का जात नाहीत?" हा या प्रकारच्या चित्रपटांच्या कथेतला जुना खड्डा पटकथेने पहिल्या वीस मिनिटांत बुजवला. दुसरं, मूळ नायक अ‍ॅशची नक्कल करायला कुणाला उभंच केलं नाही. ती भूमिका करणाऱ्या ब्रूस कॅम्पबेलची जागा घेण्याचा प्रयत्न केला असता तर चित्रपट तिथेच संपला असता.

आणि तिसरं, खरं कारण म्हणजे हिंसा. हत्यारं सगळी घरातली आहेत: विजेवर चालणारी सुरी, खिळे मारायची गन, आरशाची काच, इंजेक्शनची सुई. तलवारीने डोकं उडालेलं बघून अंगावर काटा येत नाही. डोळ्याखाली रुतलेली सुई गटातला एरिक चिमटीत धरून बाहेर ओढतो तेव्हा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे जातो. शिवाय इथली जखम पुढच्या प्रसंगात गायब होत नाही. एरिकच्या अंगावर सुई, खिळे, पहार यांच्या खुणा जमा होत जातात आणि तो दर वेळी आधीपेक्षा हळू चालतो.

तर प्रश्न असा: एखाद्या अभिजात भयपटाचा रक्तबंबाळ रिमेक स्वतःच्या पायावर उभा राहतो तो कशामुळे? आणि या पंगतीत आणखी कोण बसेल?

रिळवाला

कौतुक मान्य, निष्कर्ष अमान्य.

१९८१च्या चित्रपटाची ताकद रक्तात नव्हती, कॅमेऱ्यात होती. डॉलीला (कॅमेऱ्याच्या चाकांच्या गाडीला) पैसे नाहीत म्हणून कॅमेरा फळीवर बसवायचा, दोघांनी दोन टोकं धरायची आणि झाडीतून धावत सुटायचं. जमिनीलगत धावणारी ती अदृश्य नजर अशी जन्माला आली. चित्रण १६ मिमीवर, मग ३५ मिमीवर मोठं केलेलं. त्यातून आलेला जाड दाणा, टेनेसीतल्या हिवाळ्याचा राखाडी उजेड, सगळंच अस्वस्थ करणारं. खर्च साधारण ३ लाख ७५ हजार डॉलर. रिमेकला १ कोटी ७० लाख मिळाले आणि ते प्रत्येक चौकटीत दिसतात. भिंतीवरची ओलसुद्धा आखून काढलेली वाटते.

आणि त्यातला खट्याळपणा गेला. तो गेल्यावर उरतं काय?

अमावास्या

@रिळवाला, खट्याळपणा आपण १९८७च्या दुसऱ्या भागातून मागे नेऊन पहिल्यावर चिकटवतो. उडणारा डोळा, खदखदा हसणारं हरणाचं डोकं, स्वतःच्याच हाताशी मारामारी, हे सगळं 'एव्हिल डेड २'मधलं. पहिला भाग घाबरवण्यासाठीच बनवला होता. पेन्सिल घोट्यात घुसते त्या शॉटमध्ये विनोद कुठे आहे? आल्वारेझने त्या पहिल्या भागाचा रिमेक केलाय. शिवाय निर्माते रेमी, रॉब टॅपर्ट आणि कॅम्पबेल हेच होते, म्हणजे मूळच्या घरातलीच माणसं.

घुबड

रेमीने स्वतःच स्वतःचा रिमेक आधी करून ठेवलाय की. 'एव्हिल डेड २'ची पहिली काही मिनिटं म्हणजे पहिल्या भागाची गोष्ट पात्रं कमी करून नव्याने सांगितलेली.

साचेकार

रक्तावरून विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण "रक्ताला वजन" हे शीर्षक तंत्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

१९८१चं रक्त म्हणजे कॉर्न सिरप, खाण्याचा लाल रंग आणि कॉफीत घालायची क्रीमर पूड. पूड का? नुसतं सिरप पारदर्शक असतं. पांढऱ्या शर्टावर ते रंगीत काचेसारखं दिसतं, उजेड आरपार जातो आणि लबाडी उघडी पडते. खरं रक्त अपारदर्शक. पूड ती अपारदर्शकता देते.

या धंद्यातली सगळ्यात प्रसिद्ध कृती मेकअप कलाकार डिक स्मिथची. प्रमाण साधारण असं: पांढरं कॉर्न सिरप ९५० मिली, मिथाइल पॅराबेन १ सपाट चमचा, खाण्याचा लाल रंग ६० मिली, पिवळा रंग ५ चमचे, आणि कोडॅकचं फोटो-फ्लो ६० मिली. पॅराबेन टिकण्यासाठी. पिवळा रंग नसेल तर लाल गुलाबीकडे झुकतो आणि जखमेवर सरबत सांडल्यासारखं दिसतं. फोटो-फ्लो हे फिल्म धुताना वापरायचं द्रव्य. त्याने रक्त कापडात शिरतं, त्वचेवर थेंब न धरता पसरतं. पण ते विषारी आहे. तोंडाजवळचा शॉट असेल तर ते घालायचंच नाही आणि बाटलीवर तसं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचं. तोंडातल्या रक्ताची बाटली कायम वेगळी.

आता सिरपच्या रक्ताचे दोष:

चिकटतं. पापण्या, केस, बोटं, सगळं एकमेकांना धरून बसतं.

वाळलं की कडक होतं. मूळ चित्रपटाच्या वेळी कॅम्पबेलचा भिजलेला शर्ट आगीजवळ वाळवला तर तो इतका कडक झाला की चक्क तुटला.

थंडीत घट्ट होतं. नळीतून येईना म्हणून दाब वाढवला की एकदम भस्सकन उडतं. उपाय म्हणजे बाटल्या कोमट पाण्यात ठेवायच्या.

खाण्याचा रंग त्वचेवर दोन-तीन दिवस राहतो. सिरपमध्ये थोडा पातळ साबण मिसळला तर निघायला सोपं जातं, पण मग फेस येतो. तोही तोंडाजवळ नको.

टीपकागद

म्हणजे एकतारी पाकाच्या अलीकडे थांबायचं!

साचेकार

@टीपकागद, अगदी तसंच. ताजी जखम पातळ, जुनी जखम घट्ट आणि तपकिरी. एकाच बाटलीने दोन्ही रंगवली की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण खोटं वाटतं. २०१३च्या चित्रपटात हा फरक नीट पाळलाय. मियाच्या चेहऱ्यावरचं वाळलेलं आणि तोंडातून येणारं यांत छटेचा फरक आहे.

निशाचर

शेवटच्या रक्ताच्या पावसावर कुणीच बोललं नाही अजून? दिग्दर्शकाने मुलाखतीत सांगितलेला आकडा ५०,००० गॅलन, म्हणजे १ लाख ८९ हजार लिटरच्या आसपास, आणि तेही एका प्रसंगासाठी.

प्रकाशयोजनेच्या बाजूने हा प्रसंग फार अवघड आहे. पाऊस समोरून उजळला तर दिसतच नाही, त्याच्या मागे दिवा लागतो. इथे ते काम जळत्या केबिनने केलंय. आग मागे, पाऊस मध्ये, मिया पुढे. पण आगीचा उजेड नारिंगी आणि पाऊस लाल. लाल उजेडात लाल रक्त फिकं पडतं, जवळजवळ नाहीसं होतं. म्हणून आकृत्या काळ्या बाह्यरेषेवर उभ्या केल्यात आणि रक्त दिसतं ते त्याच्या ओल्या चमकेमुळे.

उलट निळ्या चांदण्याच्या उजेडात लाल रंग काळा पडतो. रात्रीच्या निळ्या प्रसंगासाठी रक्त मुद्दाम उजळ, नारिंगीकडे झुकणारं बनवावं लागतं. दिवसाच्या प्रसंगाची बाटली तिथे वापरली की डांबर ओतल्यासारखं दिसतं. कॅमेरा चाचणी न करता रक्ताचा रंग ठरवणं ही नवख्यांची पहिली चूक.

साचेकार

पावसासाठी सिरप उपयोगाचं नाही. तोट्या पहिल्या मिनिटात तुंबतात आणि थेंब पडायच्या ऐवजी तार लोंबते. पाणीच लागतं, रंगवलेलं आणि किंचित दाट केलेलं. दाटपणासाठी मिथाइल सेल्युलोज चालतं. ही पूड थंड पाण्यात टाकली की गुठळ्या होतात, म्हणून आधी थोड्या गरम पाण्यात ढवळून पसरवायची आणि मग थंड पाणी घालायचं. थंड होताना ती फुलते. पंपाच्या आधी गाळणी हवीच.

आणि चित्रणाचा क्रम! एकदा लाल पाऊस पडला की जमीन, झाडं, कपडे सगळं लाल. त्यामुळे कोरडे शॉट सगळे आधी. नटीला तासन्‌तास भिजत ठेवायचं तर थंडी बाधते, आणि चिखलात मिसळलेल्या त्या द्रवावर पाय सटकतात. मिया झालेल्या जेन लेव्हीने ते सगळं पेललंय.

मधली_सुट्टी

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: डेव्हिड क्रोननबर्गचा 'द फ्लाय', १९८६.

१९५८च्या मूळ चित्रपटात शास्त्रज्ञ यंत्रातून बाहेर येतो तो थेट माशीचं डोकं घेऊन. धक्का एकच, आणि तो कापडाखाली लपवून ठेवलेला. क्रोननबर्गने तोच बदल आजारासारखा संथ केला. आधी पाठीवर राठ केस, मग चेहऱ्यावर फोड, मग नखं निघून येतात, दात पडतात, कान गळतो. शास्त्रज्ञ सेथ ब्रंडल हे गळलेले अवयव औषधांच्या कपाटात नीट मांडून ठेवतो. किळस येते आणि त्याच क्षणी पोटात कालवतं. ख्रिस वालास आणि स्टीफन ड्युपुई यांना मेकअपचं ऑस्कर मिळालं ते पूर्णपणे योग्य होतं.

इथे हिंसेला कारण आहे, आणि ज्याच्यावर ती होते तो माणूस आपल्याला आवडतो. २०१३च्या 'एव्हिल डेड'मध्ये मिया सोडली तर बाकीचे कोण होते हे आठवावं लागतं.

अमावास्या

@मधली_सुट्टी, डेव्हिड, एरिक, मिया, ऑलिव्हिया, नॅटली. इंग्रजीतली आद्याक्षरं जोडा, 'डेमन' होतं, म्हणून तरी लक्षात राहतात. :)

पण मुद्दा पटला. नॅटलीला स्वतःचा असा एकही प्रसंग नाही, आणि सगळ्यात मोठी जखम तिच्याच वाट्याला येते.

घुबड

'द थिंग', १९८२. जॉन कार्पेंटर. हा धागा त्याच्याविना पुरा होऊ शकत नाही.

त्यातले प्राणी आणि मेकअप करणारा रॉब बॉटिन तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता आणि काम संपल्यावर अतिश्रमाने त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. माणसाचं रूप घेतलेला प्राणी छाती उघडून डॉक्टरचे हात तोडतो तो शॉट आठवा: दोन्ही हात नसलेल्या माणसाला डॉक्टरच्या चेहऱ्याचा मुखवटा घातला आणि खोटे हात लावले. आत मेणाची हाडं, रबराच्या शिरा, वर जिलेटिन. शॉट काही सेकंदांचा, म्हणून डोळ्याला मुखवटा शोधायला वेळच मिळत नाही. कुत्र्यांच्या खोलीतला प्राणी स्टॅन विन्स्टनचा, कारण बॉटिनच्या हातात आधीच प्रचंड काम होतं.

रिळवाला

'द थिंग' रिमेक की मूळ लघुकादंबरीचं नवं रूपांतर? १९५१च्या चित्रपटात परग्रहावरचा प्राणी म्हणजे एक उंच माणूस, चालती-बोलती वनस्पती. रूप बदलणं त्यात नाहीच. जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलच्या १९३८च्या कथेत ते आहे, आणि कार्पेंटर त्या कथेकडे परत गेला.

घुबड

दोन्ही. बर्फात परग्रहावरच्या यानाभोवती हात पसरून गोल करणारी माणसं १९५१च्या चित्रपटातली, आणि कार्पेंटरने नॉर्वेजियनांच्या व्हिडिओत ती पुन्हा दाखवली. शीर्षक जळत उमटतं तेही तिथलंच. इतकं उचलल्यावर रिमेक म्हणायला हरकत नाही.

याच घराण्यातला २०११चा 'द थिंग' घ्या. पूर्वकथा आहे, पण धडा मोठा. प्राणी यांत्रिक बनवले होते, कॅमेऱ्यासमोर हललेसुद्धा. नंतर त्यांतल्या बहुतेकांवर संगणकाचं चित्र चढवलं. नट घाबरून जिकडे बघतात तिकडे काहीच ओलं, जड, जागा अडवणारं वाटत नाही. आल्वारेझने दोनच वर्षांनी उलटी वाट धरली आणि संगणक मुख्यतः तारा, नळ्या पुसायला ठेवला. मला तरी या धाग्याचं उत्तर इथेच दिसतं.

टीपकागद

कृष्णधवल काळात चॉकलेट सिरपवर भागायचं. १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये तेच.

मधली_सुट्टी

आणि त्याचा १९९०चा रंगीत रिमेक टॉम सॅव्हिनीने दिग्दर्शित केला, ज्याचं नावच रक्ताशी जोडलेलं! तरी रक्त अपेक्षेपेक्षा कमी. नायिका बार्बराला मात्र त्याने पूर्ण बदललं. मूळची बार्बरा सुन्न होऊन बसते, ही बंदूक उचलते. मिया याच वाटेने पुढे गेलीय असं मला वाटतं.

१९८८चा 'द ब्लॉब'ही यादीत घ्या. १९५८मधला गोळा म्हणजे लाल रंग घातलेलं सिलिकोन. तो हळूहळू सरकतो. १९८८चा गोळा झेप घेतो, माणसाला आतून विरघळवतो, आणि तो माणूस अर्धपारदर्शक थराखाली ओरडताना दिसत राहतो. साचेकारांनी सांगितलेलं मिथाइल सेल्युलोज तिथेही भरपूर वापरलंय.

नवा_प्रेक्षक

नॅटली स्वतःचा हात कापते तो शॉट नक्की कसा करतात? हात तर खराच वाटतो.

साचेकार

@नवा_प्रेक्षक, त्या चित्रपटाच्या सेटवर नेमकं काय केलं ते न सांगता, असा शॉट सर्वसाधारणपणे कसा उभारतात ते लिहितो.

नटीचा खरा हात कोपरात दुमडून पाठीमागे किंवा कपड्यात बांधतात. खांद्यापासून खोटा हात. वरची त्वचा सिलिकोनची, कारण सिलिकोन उजेड थोडा आत घेतं आणि मांसल दिसतं. फोम लेटेक्स हलका आणि लवचिक असला तरी अपारदर्शक, जवळच्या शॉटमध्ये रंगवलेला कळतो. जिलेटिन स्वस्त आणि सुंदर दिसतं, पण दिव्यांच्या उष्णतेत आणि घामात वितळतं. जिलेटिनच करायचं असेल तर साधारण १०० ग्रॅम ग्लिसरीन, १०० ग्रॅम सॉर्बिटॉल, २५ ग्रॅम जिलेटिन, चिमूटभर झिंक ऑक्साइड. तासभर भिजवायचं, मंद गरम करायचं. उकळलं की बुडबुडे अडकतात आणि ताकद जाते.

आत हाड, त्याभोवती कापायला मऊ थर, आणि त्यात दोन-तीन नळ्या. नळीचं दुसरं टोक कॅमेऱ्याबाहेर ६० मिलीच्या सिरिंजला. नळीतली हवा आधी काढली नाही तर रक्ताआधी बुडबुडा फुटतो आणि टेक वाया जातो. सुरीचं पातं बोथट. जिथे खरी त्वचा दिसते तिथे पातं न टेकवता त्याच्या मागच्या बाजूने नळी लावून रक्त सोडतात.

सगळ्यात महत्त्वाचा भाग नटीचा: खांद्याचा झटका आणि रक्त यांची वेळ जुळली पाहिजे. रक्त अर्धा सेकंद उशिरा आलं की सगळा खोटा हात वाया.

कानसेन

आणि निम्मं काम कानाचं आहे, त्याला श्रेय द्या. हाड मोडण्याचा आवाज सेलरीचे दांडे पिळून काढायची जुनी पद्धत आहे. ओल्या मांसासाठी भिजलेलं शॅमॉय चामडं. आवाज बंद करून तो हात कापण्याचा प्रसंग पाहा, निम्म्याने सौम्य होतो.

रोके बान्योसच्या संगीतात हवाई हल्ल्याच्या भोंग्यासारखा आवाज चढत जातो. वाद्यवृंदात भोंगा मिसळण्याची ही कल्पना माझ्या मते रिमेकची सगळ्यात मौलिक भर. मूळ चित्रपटात याच्या तोडीचं काही नाही, रिळवाल्यांची माफी मागून.

रिळवाला

माफीची गरज नाही, भोंगा मलाही आवडतो.

अवांतर: १९८१मधले ते पांढरे डोळे जाड काचेच्या लेन्सचे होते. घालायलाच दहाएक मिनिटं आणि पंधरा मिनिटांत काढाव्या लागायच्या, कारण डोळ्याला हवा मिळत नसे. घातल्यावर नटांना जवळपास काहीच दिसत नसे. त्या आंधळ्या, चाचपडत्या हालचाली अभिनयाचा भाग वाटतात त्या यामुळे.

साचेकार

त्यावर एक सूचना: रंगीत किंवा मोठ्या स्क्लेरल (डोळ्याचा पांढरा भागही झाकणाऱ्या) लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरकडून माप घेतल्याशिवाय कुणीही घालू नयेत, एकमेकांच्या तर मुळीच नाहीत. कॉर्नियाला ओरखडा आणि जंतुसंसर्ग हे दोन्ही पटकन होतं. आणि लेन्स आधी, रक्त नंतर.

नवा_प्रेक्षक

आधी १९८१चा पाहू की २०१३चा? आणि कुठली आवृत्ती?

अमावास्या

१९८१चा आधी, आणि शक्यतो लगेच दुसऱ्या दिवशी २०१३चा. दोन दिवसांत पाहिलं की कोणता प्रसंग कुठे वळवलाय ते ताजं राहतं. मूळात साखळीने बंद असलेलं तळघराचं दार, इथेही तसंच, पण आत कोण आहे याचा अर्थ बदललाय. मंत्रांच्या पुस्तकाचं नावही पहिल्या भागातलंच ठेवलंय, दुसऱ्या भागातलं 'नेक्रोनॉमिकॉन' नाही.

आवृत्तीचं म्हणाल तर अमेरिकेच्या परीक्षण मंडळाने आधी एनसी-१७ (फक्त प्रौढांसाठी) दिलं होतं. कापाकापी करून त्याखालचं, मोठ्यांच्या सोबतीने मुलांनाही चालणारं आर मिळवलं, तेच चित्रपटगृहात आलं. नंतर ब्लू-रेवर अनरेटेड (प्रमाणपत्राविना) आवृत्ती आली, ती काही मिनिटांनी मोठी आहे. पहिल्यांदा पाहताना चित्रपटगृहाची आवृत्ती पुरे, तिची गती जास्त घट्ट आहे. श्रेयनामावली संपेपर्यंत मात्र उठू नका.

रिळवाला

तुमच्या सांगण्यावरून त्या पावसाचा प्रसंग पुन्हा लावला. मिया जीपखाली अडकलेला हात स्वतः उपटून काढते, आणि मग तशाच तुटक्या हाताने करवत उचलते. अ‍ॅशची करवत तिला मिळाली ती दुसऱ्या भागातल्यासारखी विनोदाने नाही, किंमत मोजून. हा एक शॉट मी तुम्हाला बिनशर्त देतो. बाकीच्या चित्रपटावर भांडण चालू राहील.

टीपकागद

केबिनबाहेर गंजत पडलेली गाडी कुणी ओळखली का?

घुबड

ओल्ड्समोबिल डेल्टा ८८, १९७३. मूळ चित्रपटातल्या अ‍ॅशच्या गाडीचं मॉडेल. मिया तिच्यावरच बसलेली असते.